भुकटीत धातू मुरवताना : दहा महिने आणि चार रन

मागच्या आठवड्यात चौथ्या रनचा नमुना हिऱ्याच्या करवतीनं मधोमध कापला. आतून तो एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सारखा राखाडी निघाला. कोरडी भुकटी कुठे नाही, पोकळी कुठे नाही. त्या कापाकडे मी बराच वेळ नुसती बघत बसले.

शोधनिबंधांत या कामाचं वर्णन एका ओळीत आटोपतं: प्रीफॉर्म (साच्यात ठासून बसवलेली भुकटी) निर्वातात तापवला, वर धातू वितळवला आणि ४० बार (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे ४० पट) आर्गॉनच्या दाबानं तो आत भरला. ही एक ओळ प्रत्यक्षात उतरवायला मला गेल्या जूनपासून या मार्चपर्यंत वेळ लागला. हे काम नव्यानं हाती घेणाऱ्याला त्या ओळीआड काय काय दडलंय ते आधीच कळावं, म्हणून हे सगळं क्रमानं लिहून ठेवतेय.

आधी काम काय ते सांगते. मला ६० टक्के सिलिकॉन कार्बाइड आणि ४० टक्के ॲल्युमिनियम (दोन्ही आकारमानानं) असलेलं कंपोझिट बनवायचं होतं. असं साहित्य इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलच्या तळपट्टीसाठी वापरतात. ॲल्युमिनियम उष्णता छान वाहून नेतं, पण तापलं की फार फुगतं, दर अंशाला दहा लाखात २३-२४ भाग. सिलिकॉनची चिप फुगते जेमतेम तीन भाग. दोघांना डाखानं जोडलं तर तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत तो डाखच तडकतो. सिलिकॉन कार्बाइड चार-साडेचार भाग फुगतं आणि उष्णताही चांगली वाहतं, म्हणून दोघांचं मिश्रण करतात. वितळलेल्या धातूत भुकटी ढवळून २०-३० टक्क्यांपर्यंत मजल जाते, पुढे रस इतका घट्ट होतो की ढवळणंच अशक्य. ६० टक्के हवे असतील तर क्रम उलटा करावा लागतो: आधी भुकटी ठासून भरायची आणि तिच्या फटींत धातू मुरवायचा.

अडचण अशी की तो आपणहून मुरत नाही. नेहमीच्या तापमानाला वितळलेलं ॲल्युमिनियम सिलिकॉन कार्बाइडवर अळवावरच्या पाण्यासारखं थेंब धरून राहतं. स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, ९० च्या वर गेला की द्रव आपणहून शिरत नाही) १३० अंशांच्या आसपास, पृष्ठताण मीटरला ०.८५ न्यूटन. फटीची त्रिज्या एक मायक्रॉन धरली तर बारीक फटीत द्रव ढकलायला किती दाब लागतो ते सांगणाऱ्या यंग-लाप्लासच्या सूत्रानं आत शिरायलाच साधारण ११ बार लागतात. कण एकमेकांना टेकतात तिथल्या बारीक कोपऱ्यांत पोचायला याच्या काही पट दाब हवा. म्हणून ४० बार ठरवले.

जून ते ऑक्टोबर : कागद

विभागात एक जुनं दाबपात्र वापराविना पडून होतं. पोलादी भिंत, भिंतीभोवती गार पाण्याचं वेष्टण, आत ग्रॅफाइटचा हीटर, जागा १२ लिटर. १२ जूनला मॅडमनी ते मला दाखवलं आणि मला वाटलं, ऑगस्टपर्यंत पहिला रन होईल. त्या पात्राचं एकही प्रमाणपत्र चालू मुदतीतलं नव्हतं.

सुरक्षा समितीनं मागितलेली यादी अशी: पात्राचं मोजमापासह रेखाचित्र, भिंतीच्या जाडीचा हिशेब, जोडांच्या वेल्डिंगची तपासणी, पाण्याच्या दाबाची चाचणी, सेफ्टी व्हॉल्व्हची चाचणी आणि जोखमीचा तक्ता. समितीची बैठक महिन्यातून एकदा. जुलैची बैठक माझी दोन दिवसांनी हुकली, कारण वेल्डिंगच्या अहवालावर सही व्हायची होती. ऑगस्टमध्ये फाइल परत आली. शेरा होता: ‘वीज गेल्यास, पाणी थांबल्यास, थर्मोकपल तुटल्यास काय होईल ते नमूद नाही.’ (थर्मोकपल म्हणजे तापमान मोजणारी तार.)

तेव्हा चिडचिड झाली. पण उत्तरं लिहायला बसले आणि लक्षात आलं की पाणी थांबलं तर झाकणाची ओ-रिंग (फट बंद ठेवणारं रबरी कडं) काही मिनिटांत जळेल आणि ४० बारचा गरम वायू तिथून सुटेल, हे मला सुचलंच नव्हतं. पाण्याच्या नळीत प्रवाह बघणारा स्विच बसवला: प्रवाह तुटला की हीटर बंद. समितीनं आणखी एक गोष्ट करायला लावली. व्हॅक्यूम पंप आणि पात्र यांच्यामध्ये एकाऐवजी दोन व्हॉल्व्ह. पंपाची वाट उघडी असताना आर्गॉन सोडला तर पंप फुटेल. व्हॅक्यूम मोजणारं पिरानी गेजही तेवढा दाब सोसत नाही, त्यालाही स्वतंत्र व्हॉल्व्ह लागतो. तुम्ही फाइल करत असाल तर ‘काय बिघडलं तर काय होईल’ हे एक पान सगळ्यात आधी लिहा. माझा एक महिना त्या पानापायी गेला.

दाबाच्या चाचणीची तारीख सहा आठवड्यांनंतरची मिळाली. पात्र ५० बारसाठी आखलेलं, म्हणून ७५ बारला चाचणी, पाणी भरून. पाणीच का, हे वर्कशॉपमधल्या काकांनी मला समजावलं: पाणी दबत नाही, त्यामुळे पात्र फाटलंच तर गळती होते, स्फोट होत नाही. तेवढ्याच दाबाचा वायू असता तर खोली उरली नसती. १९ सप्टेंबरला अर्धा तास काटा ७५ वर स्थिर राहिला. सेफ्टी व्हॉल्व्ह ४५ बारला उघडेल असा लावला. आर्गॉन हवेपेक्षा जड, तो खाली साचतो आणि त्याला वास नसतो, म्हणून खोलीत कमरेच्या उंचीवर ऑक्सिजनचा मॉनिटर बसवला. परवानगीचं पत्र हातात आलं १७ ऑक्टोबरला.

भुकटी आणि साचा

वाट बघायच्या दिवसांत मी भुकटी रचायला शिकले, आणि हा वेळ सगळ्यात सत्कारणी लागला असं आज वाटतं. एकाच मापाचे टोकदार कण कितीही ठोकले तरी माझ्या साच्यात ५२-५३ टक्क्यांपुढे जाईनात. मग ५३ मायक्रॉनच्या कणांत साडेसहा मायक्रॉनचे कण मिसळले, तीनास एक. मोठ्यांच्या फटींत लहान बसतात. थोडी थोडी भुकटी घालून, प्रत्येक थर कंपनयंत्रावर दोन-दोन मिनिटं बसवून ६० टक्के गाठले. सगळी एकदम ओतलीत तर बारीक कण खाली झिरपतात आणि नमुना वर एक, खाली दुसराच होतो. मास्क साधा नको, बारीक धुळीचा लावा. ही धूळ फुप्फुसाला वाईट.

माझा साचा आतून ३० मिलिमीटर व्यासाचा, भुकटीची उंची ४० मिलिमीटर. त्यात ५४.५ ग्रॅम भुकटी बसली की ६० टक्के झाले, एवढं साधं वजनाचं गणित. उरलेल्या फटी भरायला २७ ग्रॅम धातू पुरतो, पण वर दीड सेंटिमीटर थर शिल्लक राहायला हवा, म्हणून एकूण ५५ ते ६० ग्रॅम. तो थर का लागतो ते पुढे येईलच.

साचा ग्रॅफाइटचा, आतून बोरॉन नायट्राइडचा लेप. लेप दिल्यावर साचा ११० अंशांना रात्रभर आणि मग ३०० अंशांना दोन तास वाळवायचा. हवेत याहून फार तापवू नका, ५०० अंशांच्या आसपास ग्रॅफाइट जळून झिजायला लागतं. नमुना काढताना साचा फोडावा लागतो, म्हणजे एक रन म्हणजे एक साचा. खर्चाचा मोठा वाटा वायूचा नाही, या साच्यांचा. सुरुवातीलाच सहा घडवून घ्या, एकेक मागवत बसलात तर दर वेळी तीन आठवडे जातात. आर्गॉनचं म्हणाल तर १५० बारच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये माझे साधारण दहा रन बसतात. सिलिंडरचा दाब ४० वर आला की उरलेला वायू या कामाला निरुपयोगी, तो नुसता आतली हवा धुऊन काढायला वापरते.

पहिला रन : १४ नोव्हेंबर

शुद्ध ॲल्युमिनियम घेतलं. मॅडमनी सिलिकॉन असलेला मिश्रधातू सुचवला होता, पण मला आधी सगळ्यात सोपी जोडी करून बघायची होती. साच्यात भुकटी, तिच्यावर ॲल्युमिना धाग्यांच्या कागदाची चकती, तिच्यावर धातूचा ठोकळा. मग पंप सुरू.

तापवताना दोनदा व्हॅक्यूम बिघडला, एकदा १५० अंशांच्या आसपास आणि एकदा ३५० च्या. गळती आहे समजून माझा जीव खालीवर झाला. काका म्हणाले, “अगं, लेप श्वास सोडतोय. थांब जरा.” ओलावा आणि लेपातला चिकट पदार्थ बाहेर पडत होते. तापमान आहे तिथे धरून ठेवलं की वीस मिनिटांत काटा पूर्ववत होतो. हे धातू वितळण्याआधीच उरकायला हवं, कारण वितळलेला धातू भुकटीचं तोंड बंद करतो. त्यानंतर आत जो वायू राहिला तो कायमचा आत.

७५० अंशांना पोचल्यावर पंपाचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले, गेजचा बंद केला आणि आर्गॉन सोडला. दोन मिनिटांत ४० बार. सगळं पुस्तकाप्रमाणे.

दुसऱ्या दिवशी साचा फोडला तर भुकटी जशीच्या तशी खाली सांडली. धातू वर, जवळपास मूळच्याच ठोकळ्याच्या आकारात. एक थेंबही आत गेला नव्हता. मला रडू आवरेना.

कारण शोधायला आठवडा लागला, समजल्यावर मात्र ते अगदी साधं निघालं. वायूचा दाब धातूला ढकलतो तो फक्त धातूच्या वर दाब आणि खाली निर्वात असेल तरच. वितळलेला धातू साच्याच्या भिंतीला सगळीकडून टेकून स्वतःच झाकण बनला पाहिजे. माझा ठोकळा २४ मिलिमीटरचा, साचा ३० चा. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचं पातळ पण चिवट कातडं असतं, त्या पिशवीत ते वितळूनही आकार धरून बसलं. लेपाला ते चिकटतही नाही. बाजूच्या फटीतून आर्गॉन सरळ भुकटीत शिरला, वर-खाली दाब सारखा झाला आणि ढकलायला काही उरलंच नाही. दाब किती दिला याला मग काही अर्थ नसतो. या पद्धतीत सगळं अवलंबून आहे ते या झाकणावर, आणि आर्गॉनची चावी फिरवण्याच्या क्षणी ते झालेलं असतं किंवा नसतं.

उपाय दोन केले. ठोकळा साच्यापेक्षा व्यासात फक्त अर्धा मिलिमीटर कमी असा खराद करून घेतला, आणि त्यावर ग्रॅफाइटचं वजन ठेवलं. धातू वितळला की वजन ते कातडं फोडतं आणि रस भिंतीपर्यंत पसरवतं.

दुसरा रन : ५ डिसेंबर

या वेळी आर्गॉन सोडताच त्या वजनाला लावलेला दांडा धातूबरोबर खाली गेला. आम्ही तो झाकणातल्या काचेतून बघत होतो. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पण तो अर्ध्या वाटेतच थांबला.

कापल्यावर वरचा भाग आणि कडेचं कवच सुरेख भरलेलं, आणि मध्ये खाली बोराएवढी कोरडी भुकटी. थर्मोकपल साच्याच्या वरच्या काठाला होतं, ते ७५० दाखवत होतं. भुकटीच्या पोटात किती होतं हे मी मोजलंच नव्हतं. सुट्या भुकटीतून उष्णता बरीचशी कणांमधल्या वायूतून जाते. वायू उपसला की तीच भुकटी अंगावर गोधडी घेतल्यासारखी होते, आतपर्यंत ऊब पोचायला फार वेळ लागतो. शिवाय साचा ज्या तांब्याच्या गार तळावर ठेवला होता तो खालून उष्णता ओढत होता. थंड भुकटीत शिरलेला धातू वाटेतच थिजला. त्यात भर म्हणजे आर्गॉन आत आला की हीटरचं तापमानही कोसळतं. निर्वातात उष्णता फक्त प्रारणानं जाते, ४० बारच्या दाट वायूत जोरदार प्रवाह सुरू होतात आणि सगळी उष्णता गार भिंतीकडे धावते. माझ्या नोंदीत ९० सेकंदांत ६५ अंशांची घट आहे.

मग साच्याच्या तळात भोक पाडून दुसरं थर्मोकपल भुकटीच्या पोटात घातलं. ते आलं नाताळच्या सुट्टीनंतर, चार आठवड्यांनी. धातू न घालता नुसती भुकटी भरून तापवून बघितलं: वरचा आकडा ७०० ला स्थिरावल्यानंतर मध्यभाग तिथे यायला आणखी ५० मिनिटं. तळ आणि साचा यांच्यात मग एक सरकता आधार बसवला, म्हणजे तापताना साचा वर राहतो आणि धातू भरल्यावरच गार तळावर उतरतो. तुमच्याकडे एकच थर्मोकपल असेल तर ते भुकटीत ठेवा, हीटरजवळ नको.

तिसरा रन : ९ जानेवारी, आणि २० जानेवारी

थंड राहण्याची इतकी धास्ती घेतली होती की ८०० अंशांना नेलं आणि दाब आल्यावर अर्धा तास तसंच ठेवलं. खरं तर धातू फटींत भरायला काही सेकंद पुरतात. दांडा तीन-चार सेकंदांत पूर्ण खाली गेला होता. उरलेला वेळ केवळ माझ्या भीतीचा.

नमुना सुंदर निघाला. वजन हिशेबाला जुळलं, घासून पॉलिश केला, मॅडमना दाखवला, पेढ्याच्या डब्यासारख्या लहानशा डबीत ठेवला. अकरा दिवसांनी डबी उघडली तर आरशासारखा पृष्ठभाग खडबडीत झालेला, त्यावर राखाडी-पांढरी पूड.

ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन कार्बाइड वितळल्या अवस्थेत एकत्र राहिले की ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होतं आणि सिलिकॉन मोकळा होतो. हे कार्बाइड पाण्याशी, हवेतल्या दमटपणाशीसुद्धा संयोग पावतं, त्यातून मिथेन सुटतो आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड उरतं. ती पूड तीच होती. मी पाणी घालून पॉलिश केल्यानं त्याला आणखी जोर आला. ज्या सीमेवर दोन्ही घटकांनी एकमेकांना धरायचं, तीच सीमा आतून पोखरली जात होती. तापमान जितकं जास्त आणि सहवास जितका लांब, तितकं हे वाढतं. धातूत आधीच पुरेसा सिलिकॉन असेल तर ही अभिक्रिया पुढे सरकतच नाही. मॅडमनी जूनमध्ये मिश्रधातू सुचवला होता तो याचसाठी. त्यांना हे सांगायला गेले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “हा नमुना टाकू नकोस. पुढे येणाऱ्यांना दाखवायला ठेव.” आता तो ओलावा शोषणाऱ्या दाण्यांबरोबर कपाटात आहे.

चौथा रन : २७ फेब्रुवारी

१२ टक्के सिलिकॉनचं ॲल्युमिनियम घेतलं. ते ५७७ अंशांच्या आसपासच वितळतं आणि जवळजवळ एकाच तापमानाला गोठतं. मॅग्नेशियम असलेला मिश्रधातू मुद्दाम टाळला, कारण निर्वातात मॅग्नेशियमची वाफ होते आणि ती गार भिंतीवर काळी पूड होऊन बसते.

सकाळी सातला पंप लावला. १५० ला थांबले, ३५० ला थांबले, या वेळी न घाबरता. पावणेबाराला वरचा आकडा ७०० वर आला, पोटातला साडेबाराला ६९२. मग व्हॉल्व्हची यादी मोठ्यानं वाचली. काका एकेक बंद करून “झाला” म्हणत होते. ही सवय आम्ही पहिल्या दिवसापासून ठेवली आहे आणि ती कधीही सोडणार नाही. आर्गॉन आधी २ बारपर्यंत हळू, धातूचं झाकण घट्ट बसावं म्हणून, अर्धा मिनिट थांबून मग ४० पर्यंत. एकदम लोटलं तर भुकटीला तडे जातात आणि तिथे धातूच्या शिरा दिसतात. दांडा सरकला. तीन मिनिटं धरलं, हीटर बंद, साचा गार तळावर उतरवला.

इथे हात शिवशिवतात, पण दाब सोडायचा नाही. धातू गोठताना आक्रसतो, ती तूट वरच्या शिल्लक थरातला रस खाली येऊन भरून काढतो, आणि त्याला ढकलायला दाब लागतोच. म्हणून गोठणं तळापासून वर जायला हवं आणि वरचा थर सगळ्यात शेवटी गोठायला हवा. दोन्ही आकडे ४५० च्या खाली येईपर्यंत ४० बार कायम ठेवले. दाब सोडताना खोलीचा पंखा चालू आणि मॉनिटरकडे लक्ष.

कापायला हिऱ्याचीच करवत लागते, साध्या हत्याराची धार मिनिटात जाते. पॉलिश या वेळी पाण्याऐवजी अल्कोहोलवर. घनता पाण्यात बुडवून मोजली: घन सेंटिमीटरला २.९५ ग्रॅम. हिशेबानं २.९९ यायला हवी होती, म्हणजे सुमारे सव्वा टक्का पोकळी उरली आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ती बहुतेक बारीक कणांच्या पुंजक्यांत दिसते, जिथे मिसळणं कमी पडलं. एक तुकडा मी १२ मार्चला मुद्दाम ओल्या कापसाबरोबर बंद डबीत ठेवला. आज दहावा दिवस आहे, सकाळी उघडून बघितलं, पृष्ठभाग अजून चकचकीत आहे. दुसरा तुकडा प्रसरण मोजायला दिलाय, त्या यंत्राची रांग तीन आठवड्यांची आहे. तोवर पाचव्या रनसाठी भुकटी या वेळी चाळून, अल्कोहोलमध्ये कालवून मिसळतेय. ओव्हनमध्ये साचा ११० अंशांवर वाळतोय.